प्राथमिक वर्गातील विज्ञान-शिक्षण : काही विचार

(सुवर्णमहोत्सवी कार्यक्रमातील भाषण)



सुवर्णमहोत्सव आला की समाजातून देणगीचा ओघ सुरू होतो, आणि शाळेचा विषय निघताच दात्याच्या ओठी पहिला शब्द येतो तो 'प्रयोगशाळा'. भावना स्तुत्यच आहे. परंतु अनेक शाळांतून विज्ञान-साहित्याचे कपाट वर्षभर कुलूपबंद असते, हेही नाकारता येणार नाही. काचेचे पात्र फुटले तर भरून कोणी द्यावयाचे, या धास्तीने गुरुजी किल्ली बाहेर काढीत नाहीत. दात्याच्या नावाची पाटी मात्र लखलखीत पुसलेली असते. आठ वर्षांच्या बालकाला त्या कपाटातील वस्तूंची खरोखर किती गरज आहे, हा प्रश्न देणगीची पावती फाडण्यापूर्वी विचारावयास हवा.

या प्रश्नाचा शोध जळगाव जिल्ह्यातच पूर्वी घेतला गेला आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या अंतर्गत 1974 साली मुंबईत होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र सुरू झाले. प्रा. वि. गो. कुलकर्णी यांच्या नेतृत्वाखाली या केंद्राने सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात ग्रामीण प्राथमिक शाळांतील विज्ञान-अध्यापन सुधारण्याचे कार्य हाती घेतले, ते रावेर तालुक्यातील खिरोदा व त्याच्या परिसरात. ज्या फैजपुरात 1936 साली काँग्रेसचे पहिले ग्रामीण अधिवेशन भरले, त्याच्याच शेजारचे हे गाव. मूलभूत भौतिकीच्या संस्थेशी संलग्न असलेली मंडळी खेड्यातील प्राथमिक शिक्षकांबरोबर कामाला बसली, ही घटना खानदेशाने विसरावी अशी नाही. आज ती फारशी कोणाच्या स्मरणात नाही, याची खंत वाटते.

याच केंद्राने पुढे मुंबई महानगरपालिकेच्या शाळांतील वंचित घरांच्या मुलांबरोबर काम केले. त्या कामातून एक गोष्ट ठळकपणे पुढे आली. मूल विज्ञानात मागे पडते ते पुष्कळदा विज्ञानामुळे नव्हे, तर पुस्तकाच्या भाषेमुळे. भाषा सोपी केली की तेच मूल उत्तर देऊ लागते.

खानदेशात तर हा मुद्दा पावलोपावली प्रत्ययास येतो. धुळ्याकडील मूल घरी अहिराणी बोलते, यावल-रावेरकडील लेवा बोली बोलते, सातपुड्यातील मुलाची बोली आणखी निराळी. ताटलीत ठेवलेले पाणी दुसऱ्या दिवशी कमी झालेले पाहून एखादे मूल म्हणाले, 'पानी आटी गयं', तर त्याने निरीक्षण अचूक केलेले आहे. गुरुजींनी त्याला तेथेच थांबवून 'बाष्पीभवन म्हण' असे दटावले, तर मूल शब्द पाठ करील आणि पाण्याकडे पाहणे सोडून देईल. ताटली उन्हात आणि सावलीत ठेवून कोणते पाणी आधी आटते ते पाहू द्यावे. 'बाष्पीभवन' हा शब्द त्यानंतर द्यावा. तेव्हा तो सहज जिभेवर बसतो.

यास साहित्य ते काय लागणार? कोऱ्या मांजरपाटाचा एक मीटर तुकडा मोजावा, भिजवावा, वाळवावा, पुन्हा मोजावा. तो कमी भरतो. किती कमी, आडवा की उभा अधिक, दुसऱ्या धुण्यातही आटतो काय, हे मुलांनी पट्टी घेऊन स्वतः ठरवावे. कापडबाजारात जे नवशिक्या गुमास्त्यालाही ठाऊक असते, त्यात मोजमापाचा संपूर्ण धडा दडलेला आहे.

धुळ्याची गोष्ट याहून सुंदर आहे. 1884 साली मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात रुजू झालेल्या तरुण विश्वेश्वरय्यांकडे आरंभीच्या काळात जी कामे आली, त्यांत पांझरेचा एक प्रवाह ओलांडणारा नळाचा सायफन बांधण्याचे काम होते. आडव्या प्रवाहाखालून पाणी नळात उतरते आणि पलीकडे पुन्हा वर चढते. पलीकडचे तोंड थोडे खालच्या पातळीवर असले म्हणजे झाले. हे तत्त्व मुलांना दाखविण्यास गवंड्याची पाण्याने भरलेली पारदर्शक नळी पुरेशी आहे. नळी कशीही वाकवा, दोन्ही टोकांचे पाणी एकाच पातळीत येते. पांझराकाठच्या फड-बागायतीतील मुलाने तर पाटाचे पाणी जन्मापासून पाहिलेले असते. त्याला प्रश्न विचारणारा कोणी भेटत नाही, एवढेच.

आता थोडा नाजूक विषय. पाणी गाळून पिणे हा जैन घरांचा नेम आहे. कापडावर राहिलेले जीव पुन्हा मूळ पाण्यात सोडण्याची रीतही आहे. वर्गात या नेमाची चर्चा निघाली, की 'पूर्वजांना जंतूंचे सारे विज्ञान ठाऊक होते' असे सांगून मोकळे होण्याचा मोह होतो. तो टाळावा. हा नेम अहिंसेतून आलेला आहे आणि त्याला प्रशस्तिपत्राची गरज नाही. मुलांनी एका भांड्यात गढूळ पाणी व दुसऱ्यात स्वच्छ पिण्याच्या पाण्यात विरघळविलेले मीठ घ्यावे, आणि दोन्ही गाळून पाहावीत. गाळ कापडावर बराचसा राहतो. मीठ मात्र पार निघून जाते, चव घेऊन ते कळते. म्हणजे कापड काही गोष्टी अडविते, काही अडवीत नाही.

रीटा कोलवेल या अमेरिकी सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ व त्यांच्या सहकाऱ्यांनी बांगलादेशातील खेड्यांत जुन्या साडीच्या अनेक पदरी कापडाने पाणी गाळावयास लावून पाहिले. 2003 साली त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केला, की पटकीचे प्रमाण सुमारे 48 टक्क्यांनी घटले. पटकीचे जंतू पाण्यातील सूक्ष्म प्लवक जीवांना चिकटून असतात आणि ते जीव कापडात अडकतात. सुटे जंतू निसटतात. जुने, धुतलेले कापड नव्याहून अधिक उपयोगी, कारण त्याची वीण दाट होते. निम्मा रोग घटला, निम्मा उरला. म्हणून पाणी उकळणेही आले. हे दोन्ही भाग मुलाला सांगावेत. अर्धेच सांगितलेले मूल पुढे मोठे झाल्यावर उरलेले स्वतः शोधील, आणि मग घरच्या कोणत्याच शब्दावर विश्वास ठेवणार नाही.

विश्वस्तांपुढे ठेवावयाची सूचना एवढीच. सुवर्णमहोत्सवी निधीतून नवे कपाट घेण्यापूर्वी जुन्याची किल्ली वर्गशिक्षकांकडे द्यावी, आणि फुटलेल्या वस्तूचा खर्च ट्रस्ट सोसेल असे लेखी कळवावे. शिक्षकांना वर्षातून काही दिवस एकत्र बसून हे प्रयोग स्वतः करून पाहता यावेत, त्या काळात वर्ग सांभाळणाऱ्यांचे मानधन निधीतून द्यावे. अशा देणगीची संगमरवरी पाटी लागत नाही, म्हणून दाते मिळणे कठीण, हे खरे. तथापि या सभागृहात बसलेल्यांपैकी दोघा-तिघांनी जरी पुढे येऊन वर्षभराचे मानधन उचलले, तरी येत्या जूनपासून हे काम सुरू होऊ शकते.