श्रावणात सोडलेली दारू
(वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



मी बोलायला उभी राहिले आहे खरी, पण माझी शाळा सातवीपर्यंतची. तेव्हा मोठमोठे शब्द माझ्याकडे मागू नका. चिटणीसबाईंनी विषय विचारला तेव्हा मी 'दारू' म्हटले, तर दोघीतिघींनी तोंडाला पदर लावला. पण ज्या घरात हे दुखणे आहे तिथली बाई ते कुणापाशी बोलत नाही, आणि न बोलल्याने कधीकधी माणूस हातचा जातो. म्हणून बोलते. हकिकत माझ्या धाकट्या दिरांची. त्यांना विचारूनच सांगते आहे. ते म्हणाले, "वहिनी, खुशाल सांगा. नाव तेवढे घेऊ नका."

दिव्याची अवस झाली की श्रावण लागतो. आपण त्या दिवशी दिवे घासूनपुसून पुजतो, आणि पुरुषमंडळी त्याच दिवसाला गटारी म्हणतात! पुढे महिनाभर दारू-मटण बंद. अधूनमधून घेणाऱ्याला हे जड नाही. पण भाऊजी दहा वर्षे रोज पीत होते. शेवटीशेवटी तर सकाळी चहाआधी घेतल्याशिवाय हाताची थरथर थांबत नसे. त्यांनी सासूबाईंच्या पायांवर हात ठेवून शपथ घेतली आणि श्रावणाच्या पहिल्या दिवशी एकदम सोडली. घरात केवढा आनंद! सासूबाईंनी सत्यनारायणसुद्धा बोलला.

त्याच संध्याकाळी त्यांच्या हातातली कपबशी वाजू लागली. दरदरून घाम, ओकाऱ्या, रात्रभर डोळ्याला डोळा नाही. शेजारच्या आजी म्हणाल्या, "विष बाहेर पडतंय, पडू द्या." दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांना फिट आली. कुणी कांदा आणला, कुणी चप्पल. आम्ही रिक्षा करून इस्पितळ गाठले. तिसऱ्या रात्री भाऊजी तिथल्या खाटेवर बसून भिंतीवरच्या मुंग्या झाडू लागले. भिंत पांढरी स्वच्छ! बायकोला ओळखेनात.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी मला बाकावर बसवून समजावले. रोजची दारू मेंदूला दाबून ठेवते. मेंदू उलट जोर लावायला शिकतो. दारू एकदम काढली की दाब जातो, जोर मात्र उरतो. दार आतून कुणी रेटत असावे आणि बाहेरच्याने अचानक हात काढावा, तसे. थरथर, घाम हे साधारण सहा-आठ तासांत सुरू होते; फिट बहुधा पहिल्या दोन दिवसांत येते; भ्रम, ताप, भलतेसलते दिसणे हे दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास. सगळ्यांनाच असे होत नाही. पण ज्याला होते त्याच्या जिवावर बेतू शकते. यावर औषधे आहेत. गोळ्या देऊन त्या थोड्या दिवसांत कमी करत आणतात, आणि ब-१ जीवनसत्त्वाची सुई देतात, कारण फार दिवस पिणाऱ्याच्या अंगात ते उरलेले नसते. हे डॉक्टरांच्या नजरेखालचे काम. दुकानातून गोळ्या आणून घरी करायचे नव्हे.

तेव्हा घरातला रोज पिणारा माणूस "उद्यापासून बंद" म्हणाला तर पेढे वाटण्याआधी त्याला डॉक्टरांकडे न्या. फिट आलीच तर कुशीवर वळवा, तोंडात चमचा, पाणी काही घालू नका. कांदा-चप्पल तर मुळीच हुंगवू नका. १०८ ला फोन करा.

आणखी एक. गुपचूप भाजीत कालवायची दारूबंदीची पूड किंवा गोळी मिळते, हे आपल्यापैकी पुष्कळजणींच्या कानावर आले असेल. अशा एका औषधावर दारू प्याली की तोंड लालबुंद होते, छाती धडधडते, रक्तदाब उतरतो, माणूस दगावूही शकतो. डॉक्टर ते देतात, पण रोग्याला सांगून, तपासून. नवऱ्याच्या ताटात असे काही घालू नका, मग सांगणारी कितीही जवळची असो.

दवाखान्यातून घरी आल्यावर खरे काम सुरू होते. पुण्यात 'मुक्तांगण' हे व्यसनमुक्ती केंद्र आहे, डॉ. अनिता अवचट यांनी ते १९८६ साली सुरू केले. अशा ठिकाणी रोग्याबरोबर घरच्यांनाही बोलावतात. माझी धाकटी जाऊ तिथे नव्हे, पण घरच्यांच्या एका बैठकीला जाऊ लागली. अमेरिकेत १९५१ साली 'अल्-अनॉन' नावाने असे गट निघाले, ते आपल्याकडेही आहेत. तिथे ती शिकली की प्यालेल्या माणसाशी वाद घालायचा नाही, बोलायचे ते सकाळी शुद्धीवर असताना. मालकाला "ताप आलाय" असा खोटा निरोप द्यायचा नाही. गुत्त्याची उधारी फेडायची नाही. आणि हात उगारला तर मुलांना घेऊन बाहेर पडायचे, त्यात पातिव्रत्य आडवे आणायचे नाही. हे शेवटचे सासूबाईंना अजून पटलेले नाही.

पहिल्याच वर्षी एका लग्नात भाऊजी पुन्हा प्याले, चार दिवस. जाऊ रडली, पण भांडली नाही. डॉक्टरीणबाईंची वेळ घेऊन आली. पुन्हा पिणे हा या दुखण्याचाच भाग असतो, असे त्या म्हणाल्या. त्यानंतर आजवर भाऊजी कोरडे आहेत. संध्याकाळी सात वाजले की अजून अस्वस्थ होतात. मग मी त्यांना दळण आणायला पिटाळते.

ज्यांना बाहेर पडणे अवघड, त्यांनी १४४१६ या सरकारी 'टेलि-मानस' क्रमांकावर फोन करावा. तो २०२२ पासून चालू आहे, पैसे पडत नाहीत आणि मराठीतून बोलता येते. जाऊ दर गुरुवारी चारच्या बसने बैठकीला जाते. कुणाला बरोबर जायचे असेल तर मला सांगा, मागल्या दाराने येऊन सांगितले तरी चालेल.