पुरुषांतील स्तनवृद्धी : पुनर्वसनाच्या शल्यचिकित्सेतील एक दुर्लक्षित शस्त्रक्रिया

(चिखलदरा येथे भरलेल्या शल्यचिकित्सकांच्या परिषदेतील अध्यक्षीय भाषण)

पुरुषाच्या छातीवर स्तनग्रंथी वाढण्याची तक्रार शल्यचिकित्सकाच्या ओपीडीत नेहमीची असली, तरी परिषदेच्या व्यासपीठावर तिला मानाचे पान सहसा मिळत नाही. मिळालेच तर सौंदर्यशल्याच्या सत्रात, नाकाची ठेवण आणि केशरोपण यांच्यामधल्या वेळात तिची बोळवण होते. अध्यक्षीय भाषणासाठी हा विषय निवडण्यामागे एक निश्चित भूमिका आहे. ही शस्त्रक्रिया मुळात पुनर्वसनाच्या शल्यचिकित्सेतली असून कुष्ठरोगाच्या शल्यचिकित्सेने तिला तसेच ओळखले होते. आज ती चौकाचौकांतल्या जाहिरातफलकांवर जाऊन बसली आहे, ती व्यवसायानेच तिच्याकडे पाठ फिरवल्यामुळे.

स्तनाची ग्रंथी पुरुषालाही असते, फक्त ती सुप्त राहते. इस्ट्रोजेन या संप्रेरकाने तिची वाढ होते आणि टेस्टोस्टेरॉन तिला आवर घालते, त्यामुळे या दोहोंचे प्रमाण ढळले की स्तनाग्राखाली ग्रंथीची चकती तयार होऊ लागते. आयुष्यात असे तीन काळ येतात : आईच्या संप्रेरकांमुळे नवजात अवस्थेत, वयात येताना, आणि उतारवयात वृषणांचे काम मंदावून चरबी वाढल्यावर, कारण चरबीतील ॲरोमॅटेज हे विकर टेस्टोस्टेरॉनचे इस्ट्रोजेनमध्ये रूपांतर करते. वयात येणाऱ्या मुलांपैकी सुमारे निम्म्यांना ही वाढ कमीअधिक प्रमाणात होते आणि बहुतेकांची ती सहा महिने ते दोन वर्षांत आपोआप ओसरते, म्हणून तेराचौदा वर्षांच्या मुलाला टेबलावर घेण्याची घाई करणारा सर्जन निसर्गाच्या कामात विनाकारण हात घालतो. मात्र वाढ वर्षभराहून अधिक टिकली की ग्रंथीत तंतुमय ऊती धरते, आणि मग टॅमॉक्सिफेनसारख्या औषधांचा फारसा उपयोग उरत नाही.

याखेरीज जी कारणे आहेत, ती शोधल्याशिवाय सुरी उचलू नये. यकृताचा सिऱ्होसिस, मूत्रपिंड निकामी होणे, थायरॉइडचा अतिस्राव, वृषणातील अर्बुद, एक जादा एक्स गुणसूत्र असणारा क्लाइनफेल्टर विकार, आणि स्पायरोनोलॅक्टोन, सिमेटिडीन, केटोकोनॅझोल, रिस्पेरिडोन यांसारखी औषधे ही त्यांतली प्रमुख होत. व्यायामशाळेत स्नायू फुगवण्यासाठी टोचून घेतलेली ॲनाबॉलिक स्टेरॉइडेही याच रांगेत येतात. शरीर ते जादा टेस्टोस्टेरॉन इस्ट्रोजेनमध्ये बदलते, आणि भरदार छातीसाठी केलेला खटाटोप नको त्या अर्थाने फळाला येतो. तपासणी साधी आहे. अंगठा आणि तर्जनी स्तनाच्या दोन्ही बाजूंना ठेवून स्तनाग्राकडे सरकवली असता रबरासारखी चकती लागली तर ती ग्रंथी, बोटे विनाअडथळा एकमेकांना भेटली तर ती नुसती चरबी. गाठ एका बाजूला, कठीण, स्तनाग्रापासून सरकलेली, त्वचेला धरून असलेली किंवा रक्तस्राव करणारी असेल, तर कर्करोगाचा विचार आधी करावा. स्तनकर्करोगाच्या दर शंभर रुग्णांत साधारण एक पुरुष असतो. वृषणांची तपासणी मात्र बहुतेक केसपेपरांवर लिहिलेली आढळत नाही, आणि ही चूक क्षम्य मानता येत नाही.

चिखलदऱ्यासह अमरावती जिल्ह्यात भरलेल्या कोणत्याही शल्यचर्चेत तपोवनाचा उल्लेख अपरिहार्य ठरावा. डॉ. शिवाजीराव तथा दाजीसाहेब पटवर्धन हे होमिओपॅथीचे चिकित्सक. त्यांनी अमरावती शहराबाहेर तपोवन ही कुष्ठरोग्यांची वसाहत उभी केली आणि १९५९ साली त्यांना पद्मश्री मिळाली. अशा वसाहतींतील रहिवाशांचे झडलेल्या बोटांचे हात आणि बसलेली नाके सर्वांना दिसत. सदऱ्याखालची खूण दिसत नसे. कुष्ठरोगाचा जंतू शरीराच्या थंड भागांत वाढतो, आणि वृषणांचे तापमान शरीराच्या गाभ्याहून कमी असल्याने लेप्रोमॅटस प्रकारच्या कुष्ठरोगात ते हमखास तडाख्यात सापडतात; तेथील टेस्टोस्टेरॉन बनवणाऱ्या पेशी नष्ट झाल्या की इस्ट्रोजेनचे पारडे जड होते आणि स्तन वाढतात. रोग आटोक्यात आला तरी हा बदल मागे फिरत नाही. म्हणजे जो पुरुष जंतूंपासून मुक्त झाला, त्याच्या अंगावर रोगाची सही तशीच राहते, आणि गावात परत गेल्यावर ओढ्यावर अंघोळ करताना ती वाचली जाते.

वेल्लोरला पॉल ब्रँड यांनी कुष्ठरोग्यांच्या आखडलेल्या हातांवर शस्त्रक्रिया सुरू केल्या आणि पुण्याजवळ कोंढव्याच्या कुष्ठरुग्णालयात व पुढे मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. नोशीर अंतिया यांनी चेहऱ्याच्या पुनर्रचनेचे काम केले, तेव्हापासून कुष्ठरोगाच्या पुनर्रचनात्मक शल्यचिकित्सेत भुवया, नाक आणि हात यांच्या बरोबरीने स्तनवृद्धीची शस्त्रक्रियाही धरली जाऊ लागली. तिला सौंदर्याची शस्त्रक्रिया म्हणण्याचे त्या काळी कोणाच्या मनात येण्याचे कारण नव्हते, कारण तिचा हेतू माणसाला माणसांत परत पाठवण्याचा होता. १९८२ नंतर बहुऔषधी उपचार आले, वर्ध्यासारख्या जिल्ह्यांत ते आधी पोचले, विद्रूपता घटली आणि या शस्त्रक्रियेचा तो संदर्भही मागे पडला. विदर्भाने तो जपायला हवा होता. देशातील प्लास्टिक सर्जरीच्या पहिल्या स्वतंत्र विभागांपैकी एक नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. सी. बालकृष्णन यांनी १९५८ साली उभा केला होता, हे येथे नोंदवणे प्रांताभिमानाचे वाटले तरी अप्रस्तुत नाही.

कुष्ठरोग मागे पडला, तरी उघड्या छातीचा प्रसंग टळलेला नाही. अमरावती हा आखाड्यांचा जिल्हा आहे. १९१४ साली स्थापन झालेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथक १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये देशी खेळांची प्रात्यक्षिके करून आले होते. लंगोट, लाल माती आणि मल्लखांब यांच्या या परंपरेत उघडे शरीर ही लाजेची गोष्ट नसून मानाची असते, आणि म्हणूनच ज्याची छाती चारचौघांसारखी नाही असा मुलगा आखाड्याकडे फिरकत नाही. तो उन्हाळ्यातही बनियनवर बनियन चढवतो, विहिरीवर पोहायला जात नाही, खांदे पुढे घेऊन चालतो, आणि वर्षानुवर्षांच्या सवयीने त्याच्या पाठीला पोक येते. पुढे पहाटे डांबरी रस्त्यावर धावून पोलीस भरतीची तयारी करताना ७९ सेंटिमीटर छाती आणि ५ सेंटिमीटर फुगवण भरण्यात त्याला अडचण नसते. अडचण असते ती रांगेत शर्ट काढून टेपाची वाट पाहत उभे राहण्याची. सैन्यभरतीच्या वैद्यकीय तपासणीत तर ही वाढ अपात्रतेचे कारण ठरू शकते. पौरुषाच्या अशा परीक्षेवर एक जुनी कथा आठवते. या परिषदेचे ठिकाण दंतकथेने विराटाच्या राज्याशी जोडलेले आहे; भीमाने कीचकाला मारून येथील दरीत टाकले असे सांगतात आणि वैराटचे शिखरही जवळच आहे. त्याच दरबारात अर्जुन बृहन्नडा होऊन वर्षभर नृत्य शिकवत राहिला आणि त्याच्या पौरुषाबद्दल कथेने शंका घेतली नाही. गावच्या पारावरचे न्यायाधीश इतके उदार नसतात.

शस्त्रक्रियेचा इतिहास मोठा आहे. सातव्या शतकातील ग्रीक वैद्य एजिनाचा पॉल याने स्तनाखाली चंद्रकोरीसारखा छेद घेऊन चरबी काढण्याची आणि टाके घालण्याची रीत लिहून ठेवली आहे. स्तन फार मोठा असेल तर दोन चंद्रकोरी घेऊन मधली त्वचा काढावी, असेही तो सांगतो. १९४६ साली अमेरिकेचे जेरोम वेबस्टर यांनी स्तनाग्राभोवतीच्या गडद वर्तुळाच्या, म्हणजे स्तनमंडलाच्या, खालच्या अर्ध्या भागातून जाणारा छेद रूढ केला, आणि व्रण वर्तुळाच्या कडेत लपू लागला. १९७३ साली सायमन आणि सहकाऱ्यांनी वाढीचा आकार आणि जादा त्वचा यांवरून श्रेणी ठरवल्या, तर १९८३ साली तैमूरियन आणि पर्लमन यांनी चरबी शोषून काढण्याचे तंत्र, म्हणजे लायपोसक्शन, या शस्त्रक्रियेशी जोडले.

आजची पद्धत या सर्वांच्या मिश्रणातून आलेली आहे. रुग्णाला भूल देण्याआधी उभे करून छातीवर खुणा कराव्या लागतात, कारण आडवे होताच उतार बदलतो. नंतर लिग्नोकेन आणि रक्तवाहिन्या आकुंचित करणारे ॲड्रिनॅलिन मिसळलेला क्षारद्रव त्वचेखाली भरतात, काखेजवळच्या काही मिलिमीटरच्या छेदातून पोकळ नळी घालून चरबी ओढून घेतात आणि उरलेली ग्रंथी स्तनमंडलाच्या छेदातून कापून काढतात. हातात येते ती पांढरी, चिवट, बोटांतून निसटणारी चकती. येथे लोभ आवरावा लागतो. स्तनाग्राखाली साधारण एक सेंटिमीटर जाडीची ग्रंथी मुद्दाम ठेवली नाही, तर तिथे बशीसारखा खळगा पडतो, आणि तो दुरुस्त करणे मूळ शस्त्रक्रियेहून अवघड असते. स्तनाग्राची संवेदना काही काळ मंदावते, ही गोष्ट आधी सांगितलेली असावी. त्वचा फार लोंबत असेल तर स्तनाग्र सोडवून त्याचे कलम बसवण्याची वेळ येते, पण अशा रुग्णांची संख्या थोडी. काढलेली ऊती पॅथॉलॉजीकडे पाठवण्याचा नियम मोडू नये, मग रुग्ण कितीही तरुण असो.

खर्चाच्या बाबतीत विमा नियामक प्राधिकरणाच्या प्रमाणित कलमाने सौंदर्यविषयक आणि प्लास्टिक शस्त्रक्रिया वगळल्या आहेत. अपघात, भाजणे वा कर्करोग यांनंतरची पुनर्रचना, किंवा आरोग्याचा थेट आणि तातडीचा धोका दूर करण्यासाठीचा उपचार एवढाच अपवाद आहे. स्तनवृद्धीमुळे येणारे दडपण या व्याख्येत बसत नाही, आणि ते बसवण्यासाठी केसपेपरावर खोटे लिहिण्याची प्रथा पडू नये. योग्य मार्ग असा की अमरावती आणि अकोल्याच्या शिक्षणसंस्थांशी जोडलेल्या रुग्णालयांनी ही शस्त्रक्रिया आपल्या नेहमीच्या यादीत घ्यावी, संप्रेरकतज्ज्ञाची तपासणी आधी व्हावी आणि निवासी डॉक्टरांना वेबस्टरचा छेद फलकावरून नव्हे, टेबलापाशी शिकायला मिळावा.

ती यादी सुरू झाली, तर एक नियम मोठ्या शहरांतून जसाच्या तसा उचलता येणार नाही. तेथे सकाळी शस्त्रक्रिया आणि संध्याकाळी घरी, अशी रीत आहे. या शस्त्रक्रियेची सर्वांत नेहमीची गुंतागुंत म्हणजे त्वचेखाली रक्त साचणे, आणि ते बहुधा पहिल्या दिवस-दोन दिवसांत साचते. अशा वेळी धारणीचा रुग्ण घाटरस्त्याने दीडशे किलोमीटरच्या जवळपास अंतर कापून परत येऊ शकत नाही. त्याला निचरा-नळी निघेपर्यंत वॉर्डातच ठेवावे, घट्ट जाकीट सहा आठवडे कसे वापरायचे आणि कसे धुवायचे ते त्याच्याबरोबर आलेल्या माणसालाही दाखवावे, आणि टाके तपासण्याची पुढची तारीख त्याच्या गावच्या बाजाराचा दिवस टाळून द्यावी.