जेऊरचा माळ आणि देवयानीचा फोटो

पुण्याहून रेल्वेने सोलापूरला येताना कुर्डुवाडीच्या अलीकडे जेऊर स्टेशन लागते. करमाळा तालुक्यातल्या या गावावरून २२ जानेवारी १८९८ रोजी खग्रास सूर्यग्रहणाची सावली गेली. त्यासाठी अमेरिकेतल्या लिक वेधशाळेचे विल्यम कॅम्पबेल इथे तळ देऊन होते. पुण्याच्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेचे प्रा. कावसजी नायगमवालाही आपली उपकरणे घेऊन आले होते. खग्रास स्थिती जेमतेम दोन मिनिटांची. कॅम्पबेल यांचा एक कॅमेरा चाळीस फुटी. एवढे धूड सूर्यामागे फिरवणार कसे? म्हणून भिंग एका जागी पक्के बसवले आणि फोटोची काचच घड्याळाच्या यंत्राने सूर्याच्या गतीने सरकवली.

आपल्या सोलापूर जिल्ह्यात घडलेली ही गोष्ट माळावर कॅमेरा लावणाऱ्या प्रत्येकाला माहीत असावी, असे मला फार वाटते. कारण आमची अडचण आजही तीच आहे: पृथ्वी फिरते, त्यामुळे तारे सरकतात आणि फोटोत रेघा उमटतात.

देवयानी दीर्घिकेचेच घ्या. अंतर सुमारे २५ लाख प्रकाशवर्षे, तरी आकाशातली तिची लांबी पूर्णचंद्राच्या सहापट भरते. १८८८ मध्ये इंग्लंडात आयझॅक रॉबर्ट्स यांनी घेतलेल्या फोटोत तिची वेटोळी रचना दिसली. नुसत्या डोळ्यांना मात्र मधला धूसर ठिपकाच दिसतो. बाकीचा पसारा इतका फिकट, की त्याचा प्रकाश बराच वेळ साठवावा लागतो. त्यासाठी ताऱ्यांबरोबर कॅमेरा फिरवणारा ट्रॅकर लागतो, आणि त्याचा अक्ष ध्रुवताऱ्याकडे रोखावा लागतो. सोलापुरातून ध्रुव क्षितिजापासून अठराएक अंशांवरच असतो. धुरकट हवेत तो सापडतच नाही.

एका थंडीत आमचा ट्रॅकर ऐन वेळी बंद पडला. बॅटरी भरलेली, वायर ठीक, पण मोटर हलेना. बरोबरची मुले सामान आवरू लागली. मी त्यांना थांबवले. ८५ मिलिमीटरची लेन्स साध्या तिवईवर चढवली आणि एक्स्पोजर तीन सेकंदांवर आणले. एवढ्या वेळात तारे किंचितच ओघळतात. असे ६०० फोटो जोडले की अर्ध्या तासाचा प्रकाश जमा होतो. फोटोंची संख्या चौपट केली की चित्रातली खरखर निम्म्यावर येते, हे साधे गणित आहे. दीर्घिका चौकटीतून पश्चिमेकडे सरकत राहते, म्हणून दर दहा मिनिटांनी तिला पुन्हा मध्यावर आणायचे.

मग दव पडू लागले. उजनी धरणाच्या जलाशयाजवळ ते भिंगावर नकळत साचते, आणि तारे फुगलेले दिसू लागले की मगच लक्षात येते. पुठ्ठ्याची नळी करून लेन्सला लावली. वाऱ्याच्या बाजूने दोन काठ्यांवर सोलापुरी चादर ताणली. थंडी वाढली तसा फोकसही हलला. ठळक तारा पडद्यावर मोठा करून तो पुन्हा पुन्हा जुळवावा लागला. शेवटी लेन्सवर झाकण लावून तेवढ्याच वेळाचे काळे फोटो घेतले, म्हणजे कॅमेऱ्याचे स्वतःचे डाग संगणकावर वजा करता येतात.

घरी सगळे फोटो जोडल्यावर देवयानीची लांबट तबकडी आणि तिच्या कडेची धुळीची काळी पट्टी स्पष्ट दिसली. ट्रॅकर चालता तर चित्र आणखी सकस आले असते, यात शंका नाही. पण ट्रॅकर नाही म्हणून कॅमेरा कपाटात ठेवणे मला मुळीच मान्य नाही.

इथे बसलेल्या तरुणांना माझी विनंती आहे. दिवाळीचा धूर ओसरला की कार्तिक अमावास्येला गावाबाहेर पडा. रात्री आठ-नऊच्या सुमारास उत्तरेकडे तोंड करून मान वर करा, शर्मिष्ठा तारकासमूहावरून देवयानी शोधा आणि आहे तो कॅमेरा तिवईवर लावा.