रात्री धावणाऱ्या गाडीचा नंबर

बेळगावाहून चोर्ला घाटाने गोव्याकडे जाणारा रस्ता रात्रीही निजत नाही. के.ए., एम.एच. आणि जी.ए. अशा तीन राज्यांच्या पाट्या मिरविणाऱ्या गाड्या त्यावरून धावत असतात. अशा रस्त्यावर पादचाऱ्यास उडवून गाडी पसार झाली, तर उजाडण्यापूर्वीच ती परराज्यात पोहोचलेली असते. मागे उरते ती ‘पांढरी गाडी होती’ एवढीच साक्ष.

गाडी सापडली नाही, तर १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या सरकारी योजनेप्रमाणे मृताच्या वारसांस २ लाख व गंभीर जखमीस ५० हजार रुपये मिळतात. नंबर हाती असेल, तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे मृताचे वय, मिळकत व त्याच्यावर विसंबलेली माणसे यांचा हिशेब होऊन विमा कंपनीकडून भरपाई मागता येते. कर्ता पुरुष गेलेल्या घरी या दोहोंत केवढे अंतर पडते, ते सांगावयास नको.

आज दुकानांवर आणि फाटकांवर कॅमेरे पुष्कळ झाले. परंतु रात्रीच्या चित्रात बहुधा दोन प्रखर दिवे आणि त्यांखाली पांढरा डाग एवढेच दिसते! दोष किमतीचा नव्हे. अंधारात उजेड गोळा करण्यासाठी कॅमेरा एकेका चित्राला सेकंदाचा १/३० भाग घेतो. ताशी ३६ किलोमीटर वेगाची गाडी तेवढ्यात ३३ सेंटिमीटर सरकते व अक्षरे फिसकटतात. हा अवधी १/१००० केला, की सरकणे अवघे १ सेंटिमीटर उरते.

मग उजेड कोठून आणावयाचा? १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना सक्तीच्या झालेल्या पाट्यांचा पृष्ठभाग प्रकाश जेथून आला तेथेच परत धाडतो. म्हणून कॅमेऱ्याच्या शेजारीच अवरक्त दिवा लावावा. चित्रात रस्ता, झाडे, गाडीचा रंग सारे काळोखात बुडते. पाटी तेवढी उजळते. हे पाहून मालक घाबरतो, उजेड वाढवितो आणि हाती आलेला नंबर घालवितो! एका कॅमेऱ्याकडून दोन कामे होत नाहीत, हे श्रोत्यांनी ध्यानी घ्यावे. रस्ता दाखविणारा कॅमेरा निराळा हवा, आणि दोघांची घड्याळे जुळलेली हवीत.

कॅमेरा उंच टांगण्याची हौसही आवरावी. गाडीच्या वाटेशी त्याचा कोन ३० अंशांच्या आत असावा. गतिरोधकाजवळची जागा उत्तम. चिखलाने माखलेल्या पाटीपुढे मात्र इलाज नाही.

कॅमेऱ्याचे यंत्र काही दिवसांनी जुन्या चित्रांवर नवी चित्रे लिहिते. तेव्हा अपघात कळताच त्या वेळेचे मूळ चित्रण जपून पोलिसांच्या हवाली करावे. ते गावभर फोनवरून फिरविण्याचा अधिकार कोणास नाही. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे अशा पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागते. त्यावर सही करावयास कॅमेऱ्याच्या मालकाने कां-कूं करू नये.