वाघांची सोयरीक

प्रतिष्ठानच्या सातवाहन राजांपैकी हाल याच्या नावावर असलेल्या गाथासप्तशतीत एक गाथा आहे. अलंकारशास्त्राच्या अभ्यासकांना तिची ओळख करून द्यावयास नको. गोदावरीच्या काठच्या कुंजात नित्य हिंडावयास येणाऱ्या एका धार्मिक गृहस्थास एक स्त्री सांगते की, ज्या कुत्र्याचे त्यास भय वाटत असे तो आता उरला नाही. काठच्या झाडीत राहणाऱ्या सिंहाने त्यास मारले. तेव्हा आता खुशाल निर्धास्त फिरावे! आनंदवर्धनापासूनच्या पंडितांनी या बोलण्यातील ध्वनी उलगडून दाखविला आहे. कुंज हे त्या स्त्रीचे संकेतस्थळ, आणि सिंह तिच्या चतुर कल्पनेतला. बिचाऱ्या गृहस्थाने सिंहही पाहिला नाही आणि सिंहाचे पाऊलही पाहिले नाही. गोदाकाठी सिंह असणे त्यास अशक्य वाटले नाही, एवढ्यावर त्या स्त्रीचे काम भागले.

श्वापदाविषयीची बातमी अशी बहुधा ऐकीवच असते, आणि पैठणच्या परिसरात आजही तिच्यावर माणसांचे व जनावरांचे प्राण अवलंबून असतात. २०२० च्या नोव्हेंबरात पैठण तालुक्यातील आपेगाव या गावी, म्हणजे ज्ञानेश्वरांच्या पूर्वजांच्या गावी, बिबट्याच्या हल्ल्यात एक बाप व त्याचा मुलगा असे दोघेही मरण पावले. त्याच सुमारास बीड जिल्ह्यातील आष्टी तालुक्यात व पुढे सोलापूर जिल्ह्यातील करमाळा तालुक्यात माणसे बिबट्याला बळी पडली, आणि डिसेंबरात करमाळ्याकडे एक बिबट्या गोळी घालून मारण्यात आला. या तिन्ही ठिकाणी हिंडणारे जनावर एकच होते काय, हा प्रश्न त्या दिवसांत घरोघर विचारला गेला. हा प्रश्न कुतूहलाचा नव्हे. जनावर तेच असेल तर गावे निर्धास्त झाली. निराळे असेल तर एक निरपराध प्राणी गेला आणि भय जेथल्या तेथे राहिले. तेव्हा श्वापदांची गणती हे शास्त्र मुळात ‘हा तोच काय’ या प्रश्नाचे उत्तर देण्याचे शास्त्र आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

पूर्वी हे उत्तर पावलांच्या ठशांवरून देत. ओरिसातील वनाधिकारी सरोजराज चौधरी यांनी काच व कागद घेऊन मातीतला ठसा उतरवून घेण्याची रीत घालून दिली, आणि पुढे कित्येक वर्षे देशातील वाघ तिनेच मोजले गेले. रीत साधी होती. परंतु ओल्या मातीत उमटलेले एकाच वाघाचे पाऊल कोरड्या मातीत निराळे दिसते, ही अडचण कागदावर दिसत नसे. राजस्थानातील सरिस्का येथे कागदोपत्री वाघ नांदत असता, २००५ च्या सुमारास प्रत्यक्षात एकही उरला नसल्याचे उघडकीस आले, तेव्हा ही रीत मागे पडली. तिच्या जागी आले ते स्वयंचलित कॅमेरे. वाघाच्या अंगावरील पट्टे व बिबट्याच्या अंगावरील ठिपके माणसाच्या अंगठ्याच्या ठशाप्रमाणे प्रत्येकाचे निराळे असतात, किंबहुना एकाच जनावराच्या डाव्या व उजव्या कुशीवरही ते सारखे नसतात. म्हणून पायवाटेच्या दोहों बाजूंस कॅमेरे समोरासमोर बांधावे लागतात.

परंतु रानातील प्रत्येक वाघ कॅमेऱ्यापुढून जाईलच असे नाही. मग न दिसलेल्यांची संख्या कशी काढावयाची? पैठणकरांना नाथषष्ठीच्या गर्दीवरून ही युक्ती सहज समजेल. पहिल्या दिवशी वाळवंटात भेटलेल्या शंभर वारकऱ्यांचे चेहरे कोणी लक्षात ठेवले, आणि दुसऱ्या दिवशी भेटलेल्या शंभरांत त्यांपैकी दहाच पुन्हा आढळले, तर जमाव सुमारे हजाराचा असावा असा अंदाज निघतो. ओळखीचे जितके थोडे, तितका जमाव मोठा. देशातील वाघांचा अंदाज २००६ साली १,४११ होता, तो २०२२ साली सरासरीने ३,६८२ वर आला व त्यांपैकी महाराष्ट्राच्या वाट्यास ४४४ आले, ते याच गणिताच्या आधारे.

कॅमेऱ्याहूनही अधिक सांगणारी एक वस्तू रानात पडलेली असते, ती म्हणजे विष्ठा. सभ्य घरात हा विषय निघाला तर नाके मुरडली जातील. शास्त्रज्ञ मात्र ती जपून डबीत भरतात. विष्ठा आतड्यातून येताना आतड्याच्या अस्तरातील पेशी तिच्या पृष्ठभागास चिकटून येतात. त्या पेशींत डी.एन.ए. असतो, म्हणजे आईबापांकडून आलेल्या गुणधर्मांचे लेखच. तो वाचला की जनावर कोणते, नर की मादी, पूर्वी सापडलेले तेच की दुसरे, एवढेच नव्हे तर त्याची नातीगोती कोणत्या रानाशी जुळतात, हेही कळते. जनावरास पकडावे लागत नाही, ते दृष्टीसही पडावे लागत नाही. गाथेतल्या त्या गृहस्थापाशी ही विद्या असती तर त्या स्त्रीचा डाव पहिल्याच दिवशी उघडा पडता.

आता नात्यागोत्यांचा विषय निघाला आहे, तर सर्वांत महत्त्वाची गोष्ट येथेच सांगितली पाहिजे. एखाद्या रानात वीस वाघ आहेत, एवढे ऐकून पुष्कळांचे समाधान होते. वस्तुतः त्या विसांचे पुढे काय व्हावयाचे, हे त्यांच्या संख्येवर जितके अवलंबून आहे, तितकेच त्या रानात बाहेरून कोणी येतो की नाही यावर आहे. आपल्याकडे सगोत्र विवाह वर्ज्य मानीत आणि सोयरीक चार गावे सोडून करीत. रूढीमागील कारणे काहीही असोत, निसर्गाची मागणी याच दिशेची आहे. प्रत्येक जीवात काही सदोष जनुके दडलेली असतात. दूरच्या जोडप्यात एकाचा दोष दुसऱ्याच्या सुदृढ जनुकाने झाकला जातो; जवळच्या जोडप्यात दोघांपाशी तोच दोष असण्याचा संभव वाढतो, आणि मग तो संततीत उघडा पडतो. त्याखेरीज लहान कळपात निव्वळ दैवयोगानेही काही गुण नाहीसे होतात व काही अकारण वाढतात. स्यूअल राइट या अमेरिकन शास्त्रज्ञाच्या १९३१ मधील गणितावरून एक ढोबळ आडाखा रूढ झाला आहे: पिढीमागे निदान एक परका जीव कळपात येऊन मिसळला, तर कळपाची बीजसंपत्ती पुष्कळशी टिकते. येथे मिसळला हा शब्द महत्त्वाचा आहे. नुसते येऊन चालत नाही. त्याची प्रजाही झाली पाहिजे.

असा पाहुणा न आल्यास काय होते, याचे उदाहरण ओरिसातील सिमिलिपाल येथे पाहावयास मिळते. तेथील कित्येक वाघांचे पट्टे इतके रुंद व एकमेकांत मिसळलेले असतात की वाघ काळाच वाटतो. बंगळूरच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रातील उमा रामकृष्णन व त्यांचे सहकारी यांनी २०२१ साली दाखवून दिले की, हे रूप एकाच जनुकातील एका बदलामुळे येते, आणि अन्यत्रच्या रानांत जवळजवळ न आढळणारा हा बदल सिमिलिपालच्या एकाकी कळपात सर्रास पसरला आहे. काळा रंग स्वतः घातक आहे असे नव्हे. तो त्या कळपाच्या एकाकीपणाचा दाखला आहे. यावर उपाय म्हणून २०२४ साली आपल्या ताडोबातून जमुना व झीनत या दोन वाघिणी तिकडे धाडण्यात आल्या. पैकी झीनतला सासर मानवले नाही. ती झारखंडात व तेथून बंगालात शिरली, आणि डिसेंबरअखेर बांकुरा जिल्ह्यात तिला बेशुद्ध करून परत आणावे लागले. माणसाने ठरविलेली सोयरीक वाघ मान्य करील असे नाही, आणि खर्च व दगदग तर विचारूच नये.

याच्या उलट, जेथे रानारानांत वाट शिल्लक आहे तेथे वाघ आपली सोयरीक आपणच जमवितात. कान्हा, पेंच, सातपुडा व मेळघाट येथील विष्ठांच्या परीक्षणावरून २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने हेच सिद्ध केले. मधले जंगल जेथे टिकले तेथे रक्ताची देवघेव चालू राहिली, आणि जेथे ते तुटले तेथे ती मंदावली.

मराठवाड्याच्या दृष्टीने याहून जिव्हाळ्याची हकीकत यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वरची आहे. जेमतेम १४८ चौरस किलोमीटरांचे हे अभयारण्य. वाघ वाढले की तरुण नरांस तेथे जागा पुरत नाही. अशा एका नराच्या गळ्यात २०१९ च्या आरंभी उपग्रहाशी बोलणारा पट्टा बांधण्यात आला. जूनमध्ये त्याने घर सोडले. तेलंगणाच्या आदिलाबादेतून, नांदेड व हिंगोली जिल्ह्यांतून, शेते, ओढे व सडका ओलांडीत तो डिसेंबरात बुलढाणा जिल्ह्यातील ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. ‘वॉकर’ या नावाने तो प्रसिद्धीस आला. पट्ट्याने नोंदविलेली त्याची एकूण चाल सुमारे ३,००० किलोमीटर भरते. दिवसा झाडोऱ्यात पडून राहावे व रात्री चालावे, असा त्याचा क्रम. ज्यांच्या शेतातून तो गेला त्यांतील कित्येकांना वाघ बांधावरून गेला याची वार्ताही नसेल. एवढ्या प्रवासात त्याने एकाही मनुष्याचा जीव घेतला नाही, ही गोष्ट बिबट्याच्या भयाने रात्री जागविणाऱ्या गावांनी ऐकण्यासारखी आहे. पण ज्ञानगंगेत वाघीण नव्हती. त्याच्यासाठी एखादी आणून सोडावी काय, याची चर्चा झाली. पट्टा २०२० च्या एप्रिलात काढून घेण्यात आला.

पुढे २०२१ च्या मार्चात छत्रपती संभाजीनगर, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबाद, जिल्ह्यात कन्नडजवळील गौताळा औट्रमघाट अभयारण्यात कॅमेऱ्याने एका वाघाचे चित्र टिपले. जिल्ह्यात कित्येक दशकांत वाघ दिसला नव्हता. पट्ट्यांची जुन्या नोंदींशी तुलना केली, तेव्हा तोही टिपेश्वरचाच निघाला. नकाशावर सरळ रेघ ओढली तरी हे अंतर ३०० किलोमीटरांहून अधिक आहे. गोदाकाठच्या कल्पित सिंहाच्या जिल्ह्यात खराखुरा वाघ आला, त्याची ओळख पटली, त्याचे गावही कळले. परंतु गौताळ्यासही वाघीण नव्हती. वाघीण सहसा जन्मस्थानाच्या आसपास घर करते, आणि दूर भटकतात ते बहुधा नरच. त्यामुळे वाट कितीही उघडी असली तरी अशा दूरच्या रानात घरटे मांडले जाणे कठीण पडते.

वाट म्हणजे तरी काय, हे जनावरागणिक बदलते. १९६५ साली लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते जायकवाडी धरणाची पायाभरणी झाली आणि १९७६ मध्ये इंदिरा गांधींनी ते राष्ट्रास अर्पण केले. नाथसागर भरला, डावा कालवा २०८ किलोमीटर व उजवा १३२ किलोमीटर गेला, आणि कोरडवाहू जमिनीत ऊस उभा राहिला. बिबट्याच्या दृष्टीने पुरुषभर उंचीचा हा ऊस म्हणजे रानच होय. शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्यात अकोले येथे विद्या अत्रेय व त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅमेरे लावून पाहिले, तेव्हा जंगल नसलेल्या त्या शेतीच्या मुलखात दर शंभर चौरस किलोमीटरांस सुमारे पाच प्रौढ बिबटे आढळले. त्याच जिल्ह्यातील टाकळी ढोकेश्वर येथे विहिरीतून काढलेला ‘आजोबा’ नावाचा बिबट्या २००९ साली माळशेज घाटात सोडला, तर सुमारे १२० किलोमीटर चालून तो मुंबईच्या वेशीवरील रानात गेला. माळढोकाचे उलट आहे. त्यास उघडे माळरान हवे. ऊस व कालवे त्याच्या मुलखाचे तुकडे पाडतात. सोलापूरजवळ नान्नज येथे १९७९ साली त्याच्यासाठी अभयारण्य झाले, तरी आज महाराष्ट्रात तो नाममात्र उरला आहे. तेव्हा हिरवे दिसते ते सर्व वन्यप्राण्यांच्या हिताचे, ही शहरातल्या मंडळींची समजूत सोडून द्यावी लागेल.

राहता राहिल्या सडका. ‘आजोबा’चा शेवट २०११ साली हमरस्त्यावर मोटारीखाली झाला. नागपूर–शिवनी हमरस्ता पेंचच्या रानातून रुंद करावयाचा ठरला, तेव्हा पुष्कळ वादानंतर महाराष्ट्राच्या हद्दीत सडक नऊ ठिकाणी उचलून धरण्यात आली. त्यांतील सर्वांत लांब पूल ७५० मीटरांचा आहे. २०१९ साली खाली कॅमेरे लावून पाहिले, तेव्हा अठरा जातींचे प्राणी या वाटेने जाताना दिसले, व त्यांत वाघही होते. ‘वॉकर’ हिंगोलीहून ज्ञानगंगेकडे गेला त्या वर्षी त्या मुलखात समृद्धी महामार्गाचे काम नुकतेच चालू झाले होते. नागपूर ते मुंबई असा ७०१ किलोमीटरांचा हा रस्ता २०२५ च्या जूनमध्ये पुरा खुला झाला असून तो वाशीम, बुलढाणा, जालना व छत्रपती संभाजीनगर या जिल्ह्यांतून आडवा गेला आहे. दोहों बाजूंस कुंपण आहे, आणि ठिकठिकाणी श्वापदांसाठी वरून पूल व खालून मार्ग ठेविले आहेत. टिपेश्वर या रस्त्याच्या दक्षिणेस पडते. ज्ञानगंगा व गौताळा उत्तरेस. टिपेश्वरचा पुढचा तरुण नर निघेल, तेव्हा त्याला यांतलीच एखादी वाट शोधून काढावी लागेल.