सातबाऱ्यावर आमचे नाव कुठल्या रकान्यात?

(जिल्हा बैठकीत महिला कार्यकर्त्यांच्या वतीने झालेल्या भाषणाचा मजकूर)



बोलायला आज एकीला उभे केले असले तरी हे एकटीचे भाषण नाही. बैठकीच्या आधी तालुक्यातल्या आम्ही अकरा जणी एकीच्या घरी ओसरीवर बसलो होतो. येताना प्रत्येकीने घरच्या शेताचा सातबारा आणायचा, एवढेच ठरले होते. कोणी तलाठ्याकडून आणला, कोणी पोराकडून मोबाईलवर काढून घेतला. अकरा उतारे सतरंजीवर मांडले. कब्जेदार म्हणून बाईचे नाव निघाले दोघींचे. आणखी तिघींची नावे होती, पण 'इतर अधिकार' या रकान्यात, सोसायटीच्या बोज्याच्या आणि विहिरीच्या नोंदीच्या शेजारी. उरलेल्या सहा जणींचे नाव कागदावर कुठेच नव्हते.

कपाशीच्या मुलखातल्या आम्ही बाया. सरकी टोबणे, निंदण, खत देणे आणि शेवटी वेचणी, हे सगळे आमच्याच हातचे. घरधनी डवरा हाकतो, फवारणी करतो, माल बाजारात नेतो. त्याचे कष्ट आम्ही नाकारत नाही. पण कापसाची गाडी बाजारात गेली की काटापट्टी त्याच्या नावाची, पैसे त्याच्या खात्यात, आणि कोणी विचारले, 'तुमची मंडळी काय करते?' तर उत्तर ठरलेले, 'काही नाही, घरीच असते.'

ही फक्त आमच्या तालुक्याची गोष्ट नाही. 2015-16 च्या कृषी गणनेत देशातल्या दर 100 वहिती खात्यांपैकी बायकांच्या नावावरची खाती 14 च्या आसपास निघाली. क्षेत्र पाहिले तर 100 हेक्टरमागे 12 हेक्टरही नाही. राबणारी सगळीकडे, कागदावर मात्र नाही.

'नावात काय आहे? घर तर दोघांचेच आहे,' असे आम्हाला नेहमी सांगितले जाते. घर चालू असते तोवर आम्हालाही ते पटते. पण आमच्यातल्या एकीचा नवरा गेला. शेत सासऱ्याच्या नावावर. सासरा आधीच वारलेला, आणि वारस नोंदीत थोरल्या दिराचे नाव 'एकुमॅ' म्हणून, म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर म्हणून लागलेले. हिचा नवरा इतर अधिकारात. नवरा गेल्यावर ती सोसायटीत पीककर्जाला गेली. साहेब म्हणाले, 'तुमचा सातबारा आणा.' त्या वर्षी अतिवृष्टीची भरपाई आली ती दिराच्या खात्यात. पी.एम. किसानचे वर्षाचे 6000 रुपयेसुद्धा ज्याच्या नावावर जमीन त्यालाच. ती सांगत होती, 'शेतात माझ्या पायाचे ठसे, अन् कागदावर मी परकी.' तेव्हा आम्हाला नावात काय असते ते कळले. नावात कर्ज असते, भरपाई असते, सोसायटीचे सभासदत्व असते, आणि सभासदत्वावर उभे राहणारे मत असते.

दुसरी सांगत होती, ती फेरफाराची चौकशी करायला कार्यालयात गेली. समोरच्या माणसाने वर न पाहता विचारले, 'घरात पुरुष माणूस कोण आहे? त्याला पाठवा.' घरात पुरुष माणूस होता. तिचा मुलगा, वय वर्षे तेरा.

आता एक गोष्ट आमच्याच विरोधात सांगायची आहे. ती लपवून ठेवली तर या भाषणाला अर्थ राहणार नाही.

अकरा जणींपैकी आठ जणींनी माहेरी हक्कसोड करून दिलेला आहे. बाप वारल्यावर भाऊ न्यायला आला, गाडीत बसवले, दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात सही केली, घरी आल्यावर लुगडे-चोळी घेतली आणि परत आलो. कागदात काय लिहिले आहे हे वाचून कोणी दाखवले नाही, आम्हीही विचारले नाही. विचारले तर भाऊबीज तुटेल ही भीती. माहेर म्हणजे बाईच्या पाठीशी असलेली एकच भिंत, ती कोण पाडून घेईल?

पण पुढे ऐका. त्याच आठ जणींपैकी पाच जणींच्या सासरी नणंदांचा हक्कसोड झाला आणि तो करून घ्यायला आम्ही पुढे होतो. नणंदेला पुरणपोळी आम्ही वाढली, साडी आम्ही निवडली, 'ताई, तुम्हाला काय कमी आहे?' हे वाक्य आमच्याच तोंडचे. माहेरी जे गमावले ते सासरी नणंदेकडून वसूल केले. वसूल झालेले तरी आमच्या नावावर आले का? नाही. तेही नवऱ्याच्याच नावावर गेले. दोन्हीकडे बाईने सही केली, आणि दोन्हीकडे रकाना रिकामाच राहिला.

म्हणून दोष फक्त पुरुषांचा आहे असे म्हणायला आम्ही इथे उभ्या नाही. रीत अशी बेमालूम बसवलेली आहे की ती चालवायला पुरुषाची गरजच पडत नाही.

कायदा काय म्हणतो ते थोडक्यात सांगतो. 1956 च्या हिंदू वारसा कायद्याने विधवेला आणि मुलीला वारस मानले, पण वडिलोपार्जित एकत्र मालमत्तेत जन्माने हिस्सा मुलालाच राहिला. महाराष्ट्राने 1994 साली मुलीलाही तो दिला, पण त्याआधी लग्न झालेल्या मुली वगळल्या. 2005 साली केंद्राच्या दुरुस्तीने लग्न झालेली असो वा नसो, मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हिस्सा मिळाला. आणि 9 सप्टेंबर 2005 रोजी बाप हयात असलाच पाहिजे असे नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 11 ऑगस्ट 2020 च्या निकालात स्पष्ट केले. 20 डिसेंबर 2004 च्या आधी रीतसर झालेल्या वाटण्या मात्र त्याने मोडत नाहीत. मुसलमान आणि आदिवासी बहिणींचे वारसा नियम वेगळे आहेत, त्यांनी ते जाणकाराकडून समजून घ्यावेत.

म्हणजे कायदा आला, गावात मात्र हक्कसोडही आला. कायदा दारातून देतो, लुगडे-चोळी खिडकीतून घेऊन जाते.

आपल्या चळवळीला हा विषय नवा नाही. नोव्हेंबर 1986 मध्ये चांदवडला शेतकरी बायांचे अधिवेशन झाले. पुढे लक्ष्मीमुक्तीच्या कार्यक्रमात शेतकऱ्यांनी आपणहून बायकोच्या नावावर जमिनी केल्या. गावात शंभर घरांनी तसे केले की ते लक्ष्मीमुक्तीचे गाव. कुठलीही सक्ती नव्हती, न्यायालय नव्हते. घरच्या लक्ष्मीचे कर्ज फेडायचे, एवढीच भावना होती. 1992 साली शासनानेही परिपत्रक काढले, की नवऱ्याने अर्ज केला तर बायकोचे नाव सातबाऱ्यावर सहहिस्सेदार म्हणून लावावे. आज सभेला आलेल्या भावांपैकी किती जणांनी तो अर्ज केला? हात वर करायला सांगत नाही. घरी जाऊन सातबारा पाहा म्हणतो.

यावर भाऊ दोन शंका काढतात. पहिली, 'जमिनीचे तुकडे होतील.' चार भाऊ वाटणी मागतात तेव्हा ही काळजी कोणाला वाटत नाही, पाचवी बहीण आली की वाटते. शिवाय नवऱ्याच्या शेजारी बायकोचे नाव लागले म्हणून शेतात नवा धुरा पडत नाही. दुसरी शंका, 'बाईच्या नावावर केले तर ती माहेरी नेईल.' अहो, जमीन पदरात बांधून नेता येत नाही. आणि जिने वीस-पंचवीस वर्षे त्या शेतात निंदण केले तिच्यावर एवढाही भरवसा नसेल, तर मग शेत सांभाळायला तिलाच कसे ठेवता?

मजुरीचेही बोलले पाहिजे, कारण इथे आम्ही मालक म्हणून बोलत आहोत. शेतमालाला रास्त भाव मिळत नाही म्हणून आपण रस्त्यावर बसतो. उत्पादन खर्चात घरच्या माणसांची मजुरी धरा म्हणतो. ते खरेच आहे. पण आमच्याच शेतात एकाच दिवशी, एकाच धुऱ्यावर झुडपे तोडायला लावलेल्या गड्याला जास्त आणि बाईला कमी देतो. समान वेतनाचा कायदा 1976 साली झाला. तो सरकारने पाळला नाही असे म्हणण्याआधी आपल्या खळ्यात तो किती पाळला ते पाहावे लागेल. सरकारने आपल्या घामाचा भाव पाडला तर ती लूट, आणि आपण बाईच्या घामाचा पाडला तर रीत, असे दोन काटे एका दुकानात चालत नाहीत.

आता काय करायचे ते सांगतो.

एक. प्रत्येकीने सातबारा आणि 8-अ काढून आपले नाव कुठल्या रकान्यात आहे ते पाहावे. इतर अधिकारात असेल तर कब्जेदार सदरी घेण्यासाठी अर्ज करावा आणि पोच घ्यावी.

दोन. घरात कोणी वारले तर तीन महिन्यांत वारस नोंदीचा अर्ज द्यावा. त्यात मुली आणि विधवा सुना गाळू नयेत. फेरफाराची नोटीस आली तर वाचून घ्यावी, हरकत असेल तर मुदतीत लेखी द्यावी.

तीन. हक्कसोड नोंदणीकृत लागतो आणि तो स्वखुशीचा असावा लागतो. न वाचता, आणि घरी आठ दिवस विचार केल्याशिवाय सही करू नये. आणि जे आपण करणार नाही ते नणंदेकडून मागू नये.

चार. भावांनी बायकोचे नाव सहहिस्सेदार म्हणून लावावे. बक्षीसपत्रच करायचे असेल तर 2015 सालापासून बायकोला शेतजमीन देण्यासाठी मुद्रांक शुल्क 200 रुपये आहे, वर नोंदणीचा खर्च. एका फवारणीच्या औषधाला याहून जास्त लागतात.

पाच. सारख्या कामाला सारखी मजुरी, आणि सुरुवात आपल्या शेतातून.

शेवटी एक सांगून थांबतो. ओसरीवरच्या त्या बैठकीनंतर आमच्यातल्या एकीने भावाला निरोप धाडला, 'हिस्सा वाहायला तूच ठेव, पण माझे नाव लाव.' भाऊ दोन दिवाळ्यांपासून येणे-जाणे ठेवतो, यंदा आला नाही. ती रडली, पण निरोप मागे घेतला नाही. दुसरी आपल्या नणंदेकडे गेली, सही करून घेतलेला कागद तिच्यासमोर ठेवला आणि म्हणाली, 'ताई, हे मी चुकीचे केले. तुमचा हिस्सा तुम्हाला परत लिहून देण्याचे मी घरात बोलून ठेवले आहे.' नणंद काहीच बोलली नाही. उठून चहा ठेवला. नवरा अजून हो म्हणालेला नाही. रोज जेवताना ती तो विषय काढते.

काम असेच होणार आहे, ताटावर, धुऱ्यावर, तलाठ्याच्या दारात. पुढच्या जिल्हा बैठकीला प्रत्येक तालुक्याने आपापल्या कार्यकर्त्यांचे सातबारे आणावेत, बायांचे आणि पुरुषांचेही. अकराच्या अकरा उताऱ्यांवर आमची नावे योग्य रकान्यात लागेपर्यंत आम्ही ही सतरंजी गुंडाळणार नाही.