ओठ फुटतात तेव्हा

मुंबई-कोकणातून बेंगळुरूला राहायला आलेल्यांचे ओठ जानेवारीत फुटू लागले की सगळा दोष थंडीला दिला जातो. खरी करामत कोरड्या हवेची. शिवाय शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचावर. ऊन सौम्य वाटलं तरी त्यातले अतिनील किरण प्रखर असतात. ओठांची त्वचा तर फारच पातळ, आणि तिला तेलग्रंथींचं संरक्षण जवळजवळ नाहीच.

ओठ सुकले की जीभ आपसूक फिरते, आणि तिथेच बिघडतं. लाळ झटकन वाळते, जाताना ओठांचा ओलावाही नेते. तिच्यातल्या पाचक रसांनी आग होते ती वेगळीच. लहान मुलांच्या ओठांभोवती लालसर कडं दिसतं, ते बऱ्याचदा याच सवयीमुळे. पापुद्रे ओढू नका. रात्री पेट्रोलियम जेली किंवा साजूक तूप लावा, उन्हात जाताना एसपीएफ ३० चा लिप बाम. चुरचुरणारा, सुगंधी बाम मात्र नकोच.

तोंडाचे कोपरे वारंवार चिरत असतील तर बुरशीचा संसर्ग, सैल कवळी, लोहाची किंवा ब जीवनसत्त्वाची कमतरता असू शकते. ओठाच्या कडेला पाणीदार फोडांचा पुंजका आला, तर तो बहुधा हर्पिस विषाणूचा; तो बरा होईपर्यंत तान्ह्या बाळाचा पापा अजिबात घेऊ नका.

तंबाखू खाणाऱ्यांनी खालचा ओठ बाहेर ओढून आरशात जरूर पाहावा. पांढरा चट्टा, गाठ, दोन-तीन आठवड्यांत न भरलेली जखम दिसली, तर थेट डॉक्टरांकडे जा. कर्करोगावरच्या उपचारांसाठी बेंगळुरूत होसूर रस्त्यावर किदवई संस्था आहे.